कुंचीचं टोक

शिवकांताला कोंडून ठेवलंय, असं परांड्यात कुणी म्हणालं असतं तर इरम्मानं त्याची जीभ हासडून हातात दिली असती. कोंडायला ती काय कैदी होती? बाळंतीण होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराला जाड घोंगडं, खिडकीच्या गजांत चिंध्यांचे बोळे, वरून बाहेरच्या अंगानं ठोकलेली फळी. आत ओवा-बाळंतशेपाच्या धुरीची शेगडी आणि कोपऱ्यात कपड्यांची लोखंडी पेटी. डोक्याला फडकं, कानात कापूस, पोटाला पट्टा, आणि सव्वा महिना आतच. ह्याला कोंडणं म्हणायचं तर मग गावातल्या निम्म्या बायका कोंडलेल्याच म्हणायच्या. तशा होत्याही, पण ते जाऊ द्या.

घर कापडवाल्याचं. इरम्माचा मुलगा महांतप्पा, म्हणजे शिवकांताचा नवरा, त्याचं पेठेत कापडाचं दुकान होतं. निजामाचं राज्य चालू होतं, दूर कुठंतरी साहेबलोकांची लढाई पेटली होती आणि इकडं परांड्यात एका चोळीच्या खणासाठी बायका चार-चार हेलपाटे घालत होत्या. अशा दिवसांत घरच्या जुन्या रेशमाला कसर लागणं म्हणजे घरात चोर शिरणं. इरम्माचं तर ते जुनं दुखणं. तिचं लग्नातलं इरकली लुगडं कसरीनं असं खाल्लं होतं की झटकल्यावर हातात नुसते काठ राहिले. तेव्हापासून तिचं लिंबाच्या पाल्यावरचं मन उडालं. चार वर्षांपूर्वी महांतप्पानं सोलापूरहून पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या आणल्या. “अव्वा, साहेबाच्या बंगल्यात ह्याच वापरत्यात. कसर फिरकायची न्हाय,” असं तो म्हणाला, आणि इरम्मानं पेटीतला लिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, सगळं पालापाचोळा म्हणून परसात फेकून दिलं. कसर गेली. गेली म्हणजे गेलीच. दर दसऱ्याला पेटी उघडली की जुन्या गोळ्या झिजून हरभऱ्याएवढ्या झालेल्या असायच्या. इरम्मा वरून मूठभर नव्या टाकायची आणि आल्यागेल्याला आपलं धडधाकट रेशीम दाखवायची.

त्या पेटीच्या तळाला लाल खणाची एक कुंची होती. तान्ह्या पोराच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती कुंची. हिला जरीचा काठ होता, डोक्यावर उभं टोक होतं आणि हनुवटीखाली बांधायला बंद होते. इरम्माच्या सासूनं ती शिवली होती आणि मठाच्या थोरल्या स्वामींनी तिच्यावर विभूतीचा हात ठेवला होता. म्हणून ती कधी धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही, पेटीतून काढायची ती थेट पोराच्या अंगावर, असा घरातला दंडक. तिसऱ्या दिवशी घालायची आणि बाराव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत अंघोळीपुरतीच काढायची. टोकाच्या अस्तरात वेखंडाचा तुकडा शिवलेला असतो, तो टाळूला ऊब देतो, पडसं होऊ देत नाही, असं इरम्मा सांगायची. महांतप्पाचा बाप ह्याच कुंचीत वाढला, महांतप्पाही वाढला.

आणि शिवकांताचा थोरला मुलगा ह्याच कुंचीत नवव्या दिवशी गेला.

तीन वर्षं झाली त्याला. पिवळा पडत गेला, दूध ओढेनासा झाला आणि गेला. नाव ठेवायचं राहूनच गेलं. इरम्मा ऊर बडवून रडली आणि डोळे पुसल्यावर म्हणाली, “हिचं दूध जड हाय.” झालं. सासूच्या तोंडून एकदा निघालेलं गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? शिवकांताला माहेरी आई नव्हती, म्हणून तेव्हाचंही बाळंतपण सासरीच झालं होतं आणि आत्ताचंही. मधली तीन वर्षं तिनं कडू काढे प्यायले, सोमवार धरले, पाणवठ्यावरच्या बायकांच्या नजरा सोसल्या. सोसता सोसता तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. आता पुन्हा मुलगा झाला होता, आणि खोटं कशाला सांगायचं, त्याला छातीशी धरताना तिला आपल्याच दुधाची भीती वाटत होती.

आज पाचवा दिवस. सकाळी सुईण गजराबाईनं बाळाला पायावर घेऊन करडईच्या तेलानं रगडलं, टाळू भरली, ऊन ऊन पाणी घातलं. मग इरम्मानं त्या तेलकट, गरम अंगावर कुंची चढवली आणि खोलीत वास भरला. उग्र, थोडा गोडसर, नाकातून थेट कपाळात चढणारा. तिसऱ्या दिवसापासून शिवकांताचं डोकं ठणकत होतं. बाळंतपणाचं असेल म्हणून ती गप्प होती.

गजराबाई गेल्यावर तिनं लंगोट बदलला. त्यावर कोऱ्या चहासारखा काळसर डाग होता.

असाच डाग तिनं आधी पाहिला होता. असाच पाचव्या दिवशी. इतके दिवस तिनं ते सगळं मनातून पुसून टाकलं होतं, पण त्या डागाबरोबर सगळं परत आलं. ही खोली, ही शेगडी, ते पिवळं पडत गेलेलं तोंड. आणि हा वास. त्याही वेळी हाच वास होता, तिच्या नाकात महिनाभर राहिला होता, आणि तिला वाटलं होतं की मरणाचाच वास असेल तो.

तिनं बंद सोडले, कुंची काढली आणि लांब पेटीवर ठेवली. बाळ दोनदा शिंकलं. तेवढ्यात घोंगडं बाजूला झालं आणि इरम्मा आत आली.

“कुंची का काढली?”

“आत्याबाई, हिला डांबराचा वास मारतोय. माझंच डोकं उठलंय. लेकराचं काय होत आसंल?”

इरम्मानं कुंची उचलली, नाकाशी नेली आणि दोनदा जोरात हुंगली. “मला तर कायबी वास येत न्हाय.”

यायचा कुठनं? तीस वर्षं चिमूट चिमूट तपकीर कोंबून इरम्माचं नाक नुसतं शोभेपुरतं राहिलं होतं. चुलीवर आमटी करपली तरी शेजारणीनं भिंतीवरून ओरडून सांगावं लागायचं. पण हे तिला कोण सांगणार?

“हा लंगोट तरी बघा,” शिवकांता म्हणाली. “थोरल्याच्या येळी बी आसाच डाग पडला हुता. पाचव्याच दिशी.”

इरम्मानं डाग पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. ती घाबरली होती. आणि घाबरली की इरम्माला राग यायचा, हा तिचा जन्माचा स्वभाव. “थोरल्याचं नाव ह्या खोलीत काढू नगंस. त्यो तुझ्या दुधानं गेला. आन् आता देवाच्या वस्तूवर खापर फोडतीस व्हय?”

ती तिथंच खाली बसली, बाळाला पुन्हा कुंची घातली आणि बंद बांधले. पण आता बंदांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढून तिनं कुंचीच्या दोन्ही कडा हनुवटीपासून पोटापर्यंत पक्क्या टाक्यांनी शिवून टाकल्या. बाळ आत. शेवटच्या गाठीपाशी दोरा दातानं तोडला.

“आता काढ,” ती म्हणाली, आणि उंबऱ्यात पाट टाकून बसली.

दुपारी महांतप्पा जेवायला आला. बाराव्या दिवसापर्यंत बापानं आत यायचं नाही, म्हणून तो घोंगड्याच्या बाहेर उभा राहून विचारपूस करायचा. इरम्मा ताट वाढायला उठली तेवढ्यात शिवकांतानं दाराशी येऊन हाक मारली.

“आवं, ऐकताय का?”

“बोल की.”

“कुंचीला त्या गोळ्यांचा वास हाय. लेकरू पिवळं दिसाया लागलंय. आत्याबाईंनी तर त्येला आत शिवून टाकलंय.”

महांतप्पा वाईट माणूस नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला कधी वाकडं बोलला नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. फक्त आईपुढं त्याची मान वर व्हायची नाही, आणि ती व्हायला पाहिजे असं त्याला वाटायचंही नाही. “सगळीच पोरं थोडीफार पिवळी पडत्यात गं,” तो म्हणाला. “आन् वास म्हणशील तर दुकानात माझ्या नाकाशी रोज आसतो. मला काय झालंय?”

“तुमी काय पाच दिसाचं हाय का?”

तो बाहेर हसला. बाळंतिणीचं डोकं हलकं होतं, असं त्यानं ऐकलं होतं.

“बरं, एक सांगा,” ती म्हणाली. “तुमाला ही कुंची घालत हुते तवा पेटीत काय आसायचं?”

“काय आसणार? लिंबाचा पाला, वेखंड. वेखंडाचा वास आला की मला अजून अव्वाची पेटी आठवती.” मग तो गप्प झाला. शिवकांतानं घोंगड्याला कान लावला. आता कळेल ह्यांना, आता कळेल.

“मग?” तिनं हळूच विचारलं.

“मग काय? तवा कसर लागायची,” महांतप्पा म्हणाला, आणि आईनं हाक मारली तसा जेवायला गेला.

शिवकांता परत बाजेवर येऊन बसली. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून कुणाला सांगायचं? ऐकणारं माणूस एक तिच्या दुधाला नाव ठेवणारं आणि दुसरं तिच्या डोक्याला. तिनं खिडकीतला एक बोळा ओढून काढला. मागं फळी होती. फळीच्या फटीतून सुतळीएवढं ऊन आलं आणि त्यात धूर फिरताना दिसला. वास तरी लांब जावा म्हणून तिनं पेटीला हात लावून पाहिला, जरा ढकलली. पोटात कळ आली आणि पेटी बोटभरही हलली नाही. मग ती बाळाला त्या सुतळीएवढ्या उन्हाशी धरून बसली. शिवलेल्या कुंचीतून त्याचं तोंड तेवढं बाहेर होतं. आपण दोघंही एकाच टाक्यात अडकलोय, असं तिला वाटलं. ह्यालाही आपण असंच बघत बसणार आणि नवव्या दिवशी पुन्हा आपल्यालाच बोल लागणार.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी इरम्मानं स्वतःच्या हातानं टाके उसवले, गजराबाईकडून अंघोळ घालून घेतली आणि पुन्हा शिवून टाकलं. बाळ नेहमीसारखं रडलं नाही. गरम पाणी अंगावर पडलं तरी नुसतं कण्हल्यासारखं केलं. इरम्मा शेगडीला निखारे आणायला गेली, तशी गजराबाईनं बाळाची पापणी अंगठ्यानं वर केली.

“बघ, पांढऱ्यात हळद उतरलीय.”

“गजराबाई, तुमाला वास येतो का?” शिवकांतानं विचारलं.

“येतो तर. भायेर वसरीवर आले की येतो. थोरल्याच्या येळी बी येत हुता.”

“मग तवा का बोलला न्हाय?”

गजराबाईनं लंगोटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “कुनाला बोलू? म्या बोलले आसते तर दुसऱ्या दिशी दुसरी सुईन आनली आसती. आमी न्हाऊ घालायच्या मान्साला कोन इचारतंय?” तिच्या पोटात ते तीन वर्षं सलत होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

“माझ्या आज्जीकडं पाला-वेखंडच असायचं,” शिवकांता म्हणाली. “झाडाचं. त्येनं कुणाला काय झालं न्हाय. तुमी मला कापराची वडी आणून द्या. लेकराजवळ ठेवते, म्हंजी हा वास तरी मरंल.”

“आन् आनखी एक वास वाढंल,” गजराबाई म्हणाली. “झाडाचं म्हनून समदं गुनाचं नसतंय, लेकी. माझ्या भनीच्या पोरीनं देवापुढची कापराची वडी खडीसाखर समजून तोंडात टाकली. डोळं फिरलं, हातपाय आखडलं. वाचली, पर लई दिस भरमिष्टासारखी हुती. वेखंड बी उगाळून जास्त चाटवलं तर लेकरू वकतंय. येवढ्याशा जिवाजवळ काईच नगं. ना ह्ये, ना त्ये. धुतलेलं फडकं आन् उघडी हवा.”

“उघडी हवा कुठनं आणू मी?”

बाहेर इरम्माचा पाय वाजला. गजराबाई तेलाची वाटी उचलायला वाकली आणि वाकता वाकता बाळंतिणीची उशी तिनं नीट केली.

“हितं नाळ कापलेली सुरी ठिवलीय, दिष्ट लागू नई म्हनून,” ती जरा मोठ्यानंच म्हणाली. “हात जपून घाल, लेकी. धार लई हाय तिला.”

ती गेली. इरम्मानं शेगडीवर ओवा टाकला, बाळाकडं एकदा पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. “मठात जाऊन येते. स्वामींच्या हातची विभूती आणते. समदं बरं व्हईल.” दाराला घोंगडं सोडलं आणि बाहेरून कडी घातली. कडीचा आवाज शिवकांतानं पहिल्यांदाच ऐकला. आता कोंडलंय हे म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

तिनं बाळाला छातीशी लावलं. ओठ लागले, पण त्यानं ओढलं नाही. बोटानं गाल टिचकावला, तळपाय चोळले. एकदा ओढलं, दुसऱ्यांदा नाही. डोळे मिटलेलेच.

शिवकांता तशी धीट बाई नव्हती. देवाधर्माचं तिलाही भय होतं. लिंगपूजा केल्याशिवाय तिनं आजवर पाणी घेतलं नव्हतं, आणि थोरल्या स्वामींचा हात फिरलेल्या कापडाला लोखंड लावायचं हे मनात आलं तसा तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. शिवाय पुढचं सगळं तिला दिसत होतं. सासू घराबाहेर काढील. नवरा मान खाली घालून बघत राहील. दोन महिन्यांत दुसरी करतील. माहेरी जायचं तर तिथं कोण आहे? हे सगळं तिनं एकदा नीट मनात आणलं. मग बाळाकडं पाहिलं आणि तिला कळलं की हा गेला तर ह्यातलं काहीही झालं काय आणि न झालं काय, आपल्याला सारखंच.

तिनं उशीखाली हात घातला. सुरी खरंच धारदार होती. पोटाकडून हनुवटीकडं एकेक टाका तुटत गेला. कुंची उघडली, बाळ बाहेर आलं. घामेजलेलं, तेलकट, कुंचीच्या वासानं माखलेलं. तिनं खोलीतल्याच न्हाणीत उरलेल्या कोमट पाण्यानं त्याला पुसून काढलं आणि आपल्या अंगावरच्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं.

पण टाके काय, इरम्मा पुन्हा घालील. संध्याकाळपर्यंत पोर पुन्हा आत. हे लक्षात आल्यावर शिवकांतानं कुंची मांडीवर घेतली, “पाप माझ्या माथी,” असं तोंडातल्या तोंडात म्हणाली आणि वरून, टोकाकडून, ती उभी कापायला सुरुवात केली.

टोकात सुरी अडली. वेखंड असेल, तिला वाटलं. तिनं अस्तर फाडलं आणि आतलं तिच्या ओंजळीत पडलं. वेखंड नव्हतं. दोन पांढऱ्या गोळ्या होत्या, एका बाजूनं तेलानं गिळगिळीत झालेल्या. आणि तिसरी एक होती, झिजून झिजून ज्वारीच्या दाण्याएवढी उरलेली.

तिनं फाटलेलं टोक उलटं करून पाहिलं. टाळू इथं येते. रोज तेलानं भरलेली टाळू, आणि बरोबर तिच्यावर हे.

कडी वाजली. इरम्मा आत आली, हातात विभूतीची पुडी. तिला आधी उघडं बाळ दिसलं, मग सुरी, मग कुंचीचे दोन तुकडे.

“कापलीस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, ते जास्त भीतीचं होतं. “स्वामींचा हात कापलास तू. ऊठ. नीघ ह्या घरातनं.”

शिवकांता उठली नाही. तिनं ओंजळ पुढं केली.

“आत्याबाई, वेखंड कुठं हाय?”

“कसलं वेखंड?”

“टोकातलं. टाळूला ऊब देतंय म्हणत हुता त्ये.”

इरम्मा गोंधळली. ह्या बाईला आत्ता वेखंड कशाला पाहिजे? “त्येचा भुसा झाला हुता. म्याच काढून टाकलं. त्याच जागी ह्या शिवल्या. वेखंडापरीस ह्या गुणाच्या, कसली किडामुंगी लागू नये माझ्या नातवाला, म्हणून.” बोलता बोलता तिचा आवाज मंद झाला.

“कवा शिवल्या?”

“थोरल्याच्या येळी एक शिवली. त्यो गेला, म्हणून मला वाटलं कमी पडली. ह्याच्या येळी दोन.”

शिवकांतानं तो ज्वारीएवढा दाणा उचलून सासूच्या तळहातावर ठेवला. “ही थोरल्याची. शिवली तवा केवढी हुती?”

“आख्खी हुती. गोटीयेवढी.”

“मग बाकीची गेली कुठं, आत्याबाई?”

चार दसरे इरम्मा झिजलेल्या गोळ्यांवर नव्या गोळ्या टाकत आली होती. जुन्या जातात कुठं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. कशाला विचारायचं? पेटी बंद होती, कसर येत नव्हती. आता तिनं तो दाणा नाकाशी नेला. जोरात हुंगला. पुन्हा हुंगला. काहीच कळत नव्हतं. तिनं तपकिरीची डबी कमरेची काढून भिंतीवर फेकली, दाणा डोळ्यांजवळ नेला आणि बघत राहिली. मग सुनेच्या मांडीवरच्या पोराकडं पाहिलं. त्याच्या टाळूवर गोळ्या टेकलेल्या जागी तेलात पांढरट वर्तुळ उमटलं होतं.

ती जागच्या जागी खाली बसली. विभूतीची पुडी हातातच चुरगळली. शिवकांताला त्या क्षणी तिची दया आली का? नाही आली. खरं तेच सांगायचं. तिला वाटलं, बस, आता तूही बस ह्या खोलीत.

पण इरम्मा बसून राहणारी बाई नव्हती. ती उठली. दाराचं घोंगडं दोन्ही हातांनी ओढून खाली पाडलं. बाहेर जाऊन कुदळीच्या टोकानं खिडकीची फळी उचकटली, बोळे उपसून काढले. मग साठीच्या त्या बाईनं ती लोखंडी पेटी एकटीनं फरफटत उंबऱ्यापर्यंत आणली, तिथून अंगणात आणि अंगणातून परसाच्या टोकाला. फरशीवर तिचे ओरखडे उमटले. खोलीत इतका उजेड आला की शिवकांताला डोळे उघडवेनात.

महांतप्पाला दुकानातून बोलावून दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी बाळाचे डोळे पाहिले, पोट दाबलं. गोळ्यांचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण लेकराला मोकळ्या हवेत ठेवा, कोवळं ऊन द्या आणि ओढत नसेल तर चमच्यानं पाजत राहा, नागा करू नका, असं म्हणाले. गजराबाई तीन दिवस घरी गेली नाही. शिवकांता दूध पिळून वाटीत द्यायची आणि गजराबाई कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायची. ओली बाळंतीण उघड्या ओसरीवर बाज टाकून बसलेली बघून गल्लीतल्या बायका जाता-येता थांबायच्या. एकीनं इरम्माला विचारलंच, “हे काय हो नवं?” इरम्मानं तिच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्या बाईला घरी काहीतरी काम असल्याचं आठवलं.

सातवा दिवस तसाच गेला. आठव्या दिवशी लंगोटावरचा डाग फिका झाला, पण बाळ पिवळं ते पिवळंच. नववा दिवस उजाडला. महांतप्पा दुकानात गेलाच नाही. ओसरीच्या पायरीवर बसून राहिला, मधूनच मान वळवून बघायचा आणि पुन्हा समोर बघायचा.

लंगोट धुणं हे गजराबाईचं काम. त्या दिवशी इरम्मानं ते तिच्या हातातून काढून घेतलं. शेजारी दोरीवर कुंचीचे दोन तुकडे रिठ्याच्या पाण्यातून काढून वाळत घातले होते. तेही तिनंच धुतले होते, साठ वर्षांचा दंडक मोडून. सकाळचा लंगोट तिनं धुण्याआधी दोन्ही हातांनी उन्हात वर धरला. उलटा करून पाहिला. मग पुन्हा सुलटा. डाग नव्हता. नुसता ओला होता.

ती ओसरीवर आली. बाळ शिवकांताच्या छातीशी होतं आणि बोळ्याशिवाय, स्वतःचं स्वतः ओढत होतं. घुटक्याचा आवाज येत होता. इरम्मा नेहमी बाजेपासून हातभर लांब बसायची. आज ती बाजेच्या पायाशी टेकून, अगदी जवळ बसली. बराच वेळ तो आवाज ऐकत राहिली. तिला वास येत नसला तरी ऐकू चांगलं यायचं.

“शिवकांता,” ती म्हणाली. तिची मान खाली होती. “तुझं दूध जड न्हवतं गं.”

बाळ पीत होतं, त्याचं मध्येच तुटू नये म्हणून शिवकांता हलली नाही. तशीच बसून रडत राहिली.